झाडावर चढणाऱ्याचा सदरा

सदरा शिवायचा म्हणजे काय मोठीशी गोष्ट, असे कोणीही म्हणेल. कापड घ्यावे, शिंप्याकडे टाकावे, आठ दिवसांनी घेऊन यावे. पण गेल्या वर्षी गणपती गेल्यापासून दसऱ्यापर्यंत आमच्या घरात दहा सदऱ्यांचीच चर्चा चालली होती. जेवताना सदरे, म्हशीखाली बसताना सदरे, रात्री दिवे मालवले तरी ओटीवर आपले सदरेच. शेजारीपाजारी हसू लागले. पण त्या महिन्याभराच्या बोलण्यातून जे हाती लागले ते चार घरांच्या उपयोगी पडेलसे वाटते, म्हणून लिहिते आहे. झाडावर चढणारा माणूस वर्षातून एकदा तरी प्रत्येक शेतकऱ्याच्या दारी येतो. आणि तो कोणाच्या तरी घरातूनच निघालेला असतो.

आमचे गाव दापोली तालुक्यात. थोडी भातशेती, हापूसची साठ-सत्तर कलमे, परड्यात माड आणि सुपारी. 3 जून 2020 रोजी निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्यावर आले. रायगडाबरोबर आमचा दापोली-मंडणगडचा भागही त्याने झोडपून काढला. पणजोबांच्या हातची कलमे मुळासकट आडवी झाली, घरांवर माड पडले, रस्ते बंद, वीज नाही. माझा धाकटा मुलगा, त्याचा चुलतभाऊ आणि खालच्या वाडीतला त्यांचा एक मित्र कोयते-करवती घेऊन रस्ते मोकळे करायला गेले, ते महिनाभर तेच करत राहिले. कोणाची तरी चेनसॉ मागून आणली, ती चालवायला शिकले. पुढच्या मे महिन्यात, 2021 साली, तौक्ते वादळ आले. तोवर लोक शहाणे झाले होते. घरावर आलेल्या फांद्या आधीच उतरवून घ्यावात म्हणून या पोरांना बोलावणी येऊ लागली आणि त्यातून धंदा उभा राहिला.

आता ते पावसाळा सरला की जुन्या कलमांची छाटणी करतात, आंब्यावरची बांडगुळे काढतात, माड साफ करतात, वाळलेल्या फांद्या उतरवतात. तिघे भागीदार आहेत. त्यांच्याबरोबर दोन गडी असतात. एक साठीकडे झुकलेले, चाळीस वर्षे माडावर चढणारे. गावात त्यांना सगळे मामा म्हणतात. दुसरा विशीतला मुलगा, हलका आणि चपळ.

सदऱ्यांची गरज कशातून निघाली तेही सांगते. आमच्याकडे निम्म्या वाड्यांचे मालक मुंबईला. घराला कुलूप, आणि कामाचा निरोप फोनवर. कुलूप लावलेल्या आगरात चार अनोळखी पोरे झाडावर दिसली की येणारा-जाणारा थांबतो, “कोण रे तुम्ही? कोणाला विचारून तोडताय?” म्हणतो. लोकांचे चुकत नाही. 1964 च्या झाडे तोडण्याच्या कायद्यात आंबा आणि फणस दोन्ही आहेत, परवानगीशिवाय ती तोडता येत नाहीत. छाटणी आणि तोड यांतला फरक रस्त्यावरून कळत नाही. तेव्हा अंगात एकसारखा सदरा असावा, पाठीवर धंद्याचे नाव असावे, म्हणजे दहादा उत्तरे द्यायला नकोत, असे पोरांनी ठरवले. ते मलाही पटले.

पहिला नमुना आला तो शहरातल्या एका दुकानातून. गोल गळ्याचा, अर्ध्या बाहीचा, चकचकीत हिरवा टी-शर्ट. पाठीवर ढोपराएवढे झाड छापलेले, खाली नाव आणि फोन नंबर. शिवलेल्या सदऱ्याच्या निम्म्या किमतीत मिळत होता. पोरे खूश. घालून अंगणात फिरली, फोटो काढले. दिसत होती छानच. मी कापड चिमटीत धरून पाहिले आणि शिवणीतला एक धागा ओढून चुलीशी नेला.

ही परीक्षा आयाबहिणींनी जरूर करून पाहावी. धागा चिमट्यात धरायचा, हातात नाही. सुताचा धागा कागदासारखा जळतो, वास जळक्या कागदाचा येतो आणि मऊ राखाडी राख राहते. पॉलिएस्टरचा धागा आधी आक्रसतो, वितळतो, काळा धूर सोडतो आणि टोकाला कडक मणी धरतो. आमच्या धाग्याचा मणी झाला. चेनसॉचे धूर सोडण्याचे नळकांडे चटका देण्याइतके तापते. त्याला सुती बाही लागली तर करपेल. पॉलिएस्टरची लागली तर वितळेल, आणि वितळलेले कापड कातडीला चिकटते. मग कापड काढताना कातडी निघते.

दुसरी गोष्ट घामाची. सूत ओलावा धरते. हवेतलाच ओलावा सुती कापड आपल्या वजनाच्या आठ टक्क्यांच्या आसपास धरून असते, पॉलिएस्टर अर्धा टक्कादेखील धरत नाही. त्याचा एक फायदा आहे, ते लवकर वाळते, आणि खेळाडूंसाठी त्याचे विरळ विणीचे चांगले कपडे येतात. पण आम्हाला मिळालेला माल दाट विणीचा आणि गुळगुळीत होता. त्यावरचे ते मोठे झाड म्हणजे पाठीवर चिकटवलेला प्लास्टिकचा कागदच. आमच्याकडच्या दमट हवेत तो घालून माणूस वर चढला तर तासाभरात पाठ चिंब होणार.

तरीही पोरांचे मन त्या टी-शर्टावरून निघेना. ते निघाले माझ्या दिरांच्या बोलण्याने.

भाऊजी ओटीवर बसून ऐकत होते. त्यांचा उजवा पाय आखूड आहे. ऐन विशीत, आंबे उतरवताना, ते कलमावरून पडले. वर घळ घेऊन उभे होते, अंगात गळ्याशी उघडा शर्ट. फांदीवर ओंबिलांचे घरटे होते. आंब्यावरच्या त्या तांबड्या मुंग्या तुम्हाला ठाऊकच असतील. आपल्या अळ्यांच्या तोंडातून निघणाऱ्या रेशमाने त्या पानाला पान शिवतात. शिवणकाम बघावे ते त्यांचे! पण घरट्याला धक्का लागला की साऱ्याजणी अंगावर धावतात. गळ्यातून आत शिरल्या, छातीवर डसल्या. माणूस कितीही धीराचा असो, हात आपोआप तिकडे जातो. एका हातात घळ, दुसरा फांदीवरून सुटला. खुबा मोडला, तो धड जुळलाच नाही.

भाऊजी एवढेच म्हणाले, “रंग कुठलाबी घ्या, झाड छापा नायतर हत्ती छापा. पण गळा बंद होऊ दे आणि बाही मनगटाला आवळू दे. हात फांदीवरनं काढावा लागता नये.”

त्यानंतर अर्ध्या बाहीचे नाव कोणी काढले नाही. आणि आमच्या चर्चेला एक मापही मिळाले. पाठीवरचे नाव खालून बघणाऱ्यासाठी आहे, पण सदरा वर असलेल्यासाठी आहे. काहीही निवडायचे झाले की विचारायचे, याने वरच्याचा हात मोकळा राहतो का?

कापडाला तालुक्याला मी स्वतः गेले. दुकानदाराने आधी टेरिकॉट काढले. टेरिकॉटमध्ये बहुतेक 67 भाग पॉलिएस्टर आणि 33 भाग सूत असते. इस्त्री मोडत नाही, रंग टिकतो, शाळेच्या गणवेशाला ठीक. आमच्या कामाला पुन्हा तीच वितळण्याची भीती. साधे पॉपलीन गार खरे, पण फांदीच्या टोकाला अडकले की टर्रकन फाटते. जाड ड्रिल फाटत नाही, पण त्याचा सदरा म्हणजे अंगावर गोणपाट. शेवटी मधले धरले, ट्विल विणीचे निव्वळ सुती कापड. जीन पँटच्या कापडावर तिरप्या रेघा दिसतात ना, तीच वीण, फक्त हलकी. दुकानात कापडाचा जाडपणा ‘जीएसएम’ने सांगतात, म्हणजे एक चौरस मीटर कापडाचे वजन किती ग्रॅम. आम्ही 160 च्या आसपासचे घेतले. पँटचे कापड 250 च्या पुढे जाते.

रंगावरून मात्र घरात दोन तट पडले. पोरांना हिरवाच हवा होता, झाडांचा धंदा म्हणून. पण हिरव्या कापडाचा माणूस पानांत दिसतच नाही. वर कोण कुठे आहे हे खालच्याला एका नजरेत कळले पाहिजे, नाहीतर दोरी चुकीच्या वेळी ओढली जाते, फांदी चुकीच्या वेळी सुटते. खाकीचेही तेच, वाळक्या खोडासारखा दिसतो. आकाशी घ्यावा तर माडाच्या शेंड्यावर तो आभाळात हरवतो. काळा उन्हाने तापतो आणि आग्यामोहोळाच्या माश्या गडद रंगावर अधिक चवताळतात. मधपाळ पांढरे कपडे घालतात ते उगीच नाही. पांढरा घ्यावा तर पहिल्याच दिवशी त्याची रया जाणार. पिवळा सगळ्यांत उठून दिसतो, त्यावर जवळजवळ ठरलेच होते. तेवढ्यात पुतण्या म्हणाला, “काकू, मिरचीत आपण पिवळे चिकट सापळे कशाला लावतो?” खरेच की! मावा, पांढरी माशी, तुडतुडे पिवळ्यावर ओढले जातात. मोहोराच्या दिवसांत पिवळा सदरा घालून आंब्यावर चढले तर माणसाचाच सापळा व्हायचा. तेव्हा नारिंगी घेतला, फार भडक नाही. पानांत दिसतो, आभाळावर दिसतो, संधिप्रकाशातही दिसतो.

कापड धुण्याची बाजू बायकांची, म्हणून ती मीच मांडली. आंब्याचा चीक अंगावर पडला की कातडी भाजते आणि कपड्याला लागला की डाग जात नाही. आंबा, काजू, बिब्बा आणि चारोळी ही एकाच कुळातली झाडे. पूर्वी धोबी कपड्यांवर खुणा करीत त्या बिब्ब्याच्याच रसाने, कारण ती खूण किती धुतले तरी निघत नाही. त्याच घराण्यातला हा चीक, त्याचा डाग साबणाने कसा जावा? त्यात छाटलेल्या जागी बोर्डो पेस्ट लावायची असते, एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना आणि दहा लिटर पाणी. तिचे निळे शिंतोडे वेगळेच. तेव्हा मी आधीच सांगून टाकले, हे सदरे डागाळणार. डाग काढण्यासाठी बादलीभर पावडर आणि बायकांचे हात कोणी झिजवायचे नाहीत. घाम निघाला, चीक धुतला गेला, म्हणजे सदरा स्वच्छ. चिकाचे कपडे तान्ह्या मुलांच्या कपड्यांत भिजवू नयेत, एवढे मात्र पाळायचे.

कापड आणल्यावर रात्रभर पाण्यात घातले. कोरे सुती कापड धुतल्यावर आटते, मीटरमागे दोन-चार सेंटीमीटर सहज जाते, आणि आटायचे ते बेतण्याआधी आटलेले बरे. ओल्या कापडावर पांढरा रुमाल घासून पाहिला, रंग उतरला नाही. मग शिंपीकाकांना घरी बोलावले.

शिंपीकाकांनी नेहमीसारखे पोरांना ताठ उभे करून माप घेतले. मी म्हटले, “काका, हे असे फोटोला उभे राहतात. झाडावर नाही.” मुलाला दोन्ही हात वर करायला लावले, मग वाकायला लावले. अंगातला जुना सदरा वीतभर वर गेला आणि कंबर उघडी पडली. काका हसले, आणि मग त्यांनीच एक एक सुचवायला सुरुवात केली. पाठ चार बोटे लांब ठेवली, खोचलेली निघू नये म्हणून. बगलेत चौकोनी तुकडा घातला. जुन्या पैरणींना असा तुकडा असे, त्याने हात उचलला तरी सदरा ओढला जात नाही. मनगटाला दोन बटणे, बारीक आणि जाड हातासाठी. अंग सैल, पण लोंबते काही नाही, कारण यंत्राच्या साखळीत कापडाचे टोक गेले तर ती माणसालाच ओढून घेईल. छातीला एकच खिसा, वर झाकण आणि बटण. नाहीतर वाकले की फोन खाली आणि त्याच्यामागे जीव खाली-वर.

मामा हे सगळे दारात उभे राहून बघत होते. त्यांना कोणी विचारले नव्हते. मी विचारले, “मामा, तुम्हाला कसा हवा?”

ते म्हणाले, “वयनी, पोरं यंत्र लावून माडावर जातात, त्यांची छाती खोडाला लागत नाय. मी पायात दोरी घालून, माडाला मिठी मारून चढतो. बटणं खोडाला घासून तुटतात, न् तुटली नाय तर छातीत रुततात.”

चाळीस वर्षांचे ज्ञान ते! पायाला लावून चढायचे यंत्र आता पुष्कळांना माहीत आहे. नारळ विकास मंडळ 2011 पासून त्याचे वर्गही घेत आले आहे. पण जुन्या पद्धतीने चढणाऱ्याच्या सदऱ्याचा विचार कोणी केलेला मला ठाऊक नाही. काकांनी बटणांवरून कापडाची झाकणपट्टी घेतली आणि मामांच्या सदऱ्याला छातीवर व कोपरापासून मनगटापर्यंत दुहेरी कापड लावले.

आता राहिला खरा प्रश्न. पोरांच्या हिशेबात सदरे सहाच होते, तिघा भागीदारांना दोन दोन. गड्यांचे काय? एक म्हणाला, त्यांना द्यावे, पण पैसे मजुरीतून कापावेत. दुसरा म्हणाला, “आई, ते आज आपल्याकडे, उद्या दुसऱ्याकडे. आपलं नाव पाठीवर घालून दुसऱ्याच्या झाडावर चढले आणि काही वेडंवाकडं झालं, तर बोल आपल्याला.”

ही शंका अगदीच पोकळ नव्हती. नाव ही जोखीम असतेच. पण मी त्यांना विचारले, आपल्या पाचांत सर्वांत उंच कोण चढतो? मामा. ओंबील कोणाला आधी डसणार? त्या पोराला, शेंड्याची फांदी तोच धरतो. मग खाली उभा राहणारा दुहेरी शिवणीच्या सदऱ्यात आणि वरचा फाटक्या बनियनमध्ये, हे देवाला तरी बरे दिसेल का? शिवाय सदऱ्याचा निम्मा उपयोग खालून वरचा दिसावा हा. वरच्या दोघांनाच सदरा नसेल तर बाकीच्यांना तो हवा कशाला? करवतीला पेट्रोल लागते, ते आपण मजुरीतून कापतो का? सदरा हे अवजार आहे. ते धंद्याने द्यायचे.

घरात थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग माझे यजमान, जे अशा चर्चेत सहसा पडत नाहीत, ते म्हणाले, “दहा शिवा.” दहा शिवले. प्रत्येकाला दोन, एक अंगात, एक दोरीवर. सदऱ्यामागे सव्वादोन मीटर कापड धरले होते, मामांच्या दुहेरी कापडाला थोडे जास्त गेले.

पाठीवर धंद्याचे नाव आणि त्याखाली ‘झाडांची निगा’ हे दोनच शब्द. छापायच्या ऐवजी जाड दोऱ्याने भरून घेतले, म्हणजे वारा जायला जागा राहते आणि अक्षर तडकत नाही. फोन नंबर गाडीवर लिहिला. नंबर बदलतो, सदरा फेकायचा का?

छातीवर काही घालायचे का, असे विचारल्यावर मामा म्हणाले, “पाठीवरलं मला दिसत नाय. छातीवर माझं नाव घाला.” मग पाचही जणांची नावे खिशावर भरली. मुंबईहून आलेल्या एका बाईंनी परवा त्यांना नावाने हाक मारून पाणी दिले. त्याआधी त्यांच्या आगरात मामा वर्षानुवर्षे ‘ए माडवाल्या’ होते.

एक गोष्ट पोरांना बजावून ठेवली आहे, ती इथेही लिहिते. सदरा म्हणजे चिलखत नव्हे. करवतीपासून पाय वाचवणारी वेगळी पँट येते. तिच्या आत लांब तंतूंचे थर असतात, ते साखळीत गुंतून तिला थांबवतात. डोक्याला हेल्मेट आणि कमरेला पट्टा-दोर यांना पर्याय नाही. विजेच्या तारेजवळची फांदी असेल तर आधी महावितरणला कळवून लाईन बंद करून घ्यायची. ओल्या सुती सदऱ्यातून वीज आरामात जाते, ती नाव वाचत बसत नाही.

एक हंगाम झाला. कापड टिकले, रंग थोडा उतरला. कोपर दोघांचे गेले, तिथे मी त्याच कापडाच्या उरलेल्या तुकड्यांचे ठिगळ लावले. पुढच्या खेपेला सगळ्यांनाच कोपराला दुहेरी कापड घालायचे आणि कॉलर थोडी उंच घ्यायची, कारण सालीचा भुसा मानेवरून आत जातो. ही दोन्ही सुधारणा त्या विशीतल्या पोराने सुचवली. आता त्याला कोणी विचारायची वाट पाहावी लागत नाही. मामांनी आपल्या दोनांपैकी एक सदरा अजून झाडावर नेलेला नाही. बँकेत जायचे असले की तो घालतात. पोरे त्यावरून कुरकुरली. मी म्हटले, राहू द्या.

तुमच्याकडे धंदा नसेल, दहा सदरे शिवायचे नसतील. पण येत्या हंगामात तुमच्याही माडावर, कलमावर कोणीतरी चढेल. त्याच्या अंगात काय आहे ते एकदा बघा. घरात जुना, धड, पुऱ्या बाहीचा सुती सदरा पडून असला तर मजुरीत न धरता तो पुढे करा, आणि वर जाण्याआधी गळ्याचे बटण लावायला सांगा.